घरात कोणी आहे का?

रमजानचा चाँद दिसला की खोपोलीचे रात्रीचे घड्याळ बदलते. मगरिबच्या अजानला रोजा सुटतो, फळे, भजी आणि सरबताभोवती सारे घर गोळा होते, पुढे इशाची अजान होते आणि मग तरावीह. वीस रकातांच्या या नमाजला, हाफिजसाहेबांच्या पठणाच्या वेगाप्रमाणे, तास-दीड तास लागतो. त्या वेळात मोहल्ल्यातली बरीचशी पुरुषमंडळी घराबाहेर असतात आणि ती कोणत्या वेळी बाहेर असतात, हे साऱ्या गावाला ठाऊक असते. शेवटच्या दहा दिवसांत बायकामुलेही बाहेर पडतात. कपडे, चपला, बांगड्या, शेवया, सुकामेवा घेत बाजारपेठेतून परतायला रात्रीचे अकरा-बारा होतात. ईदच्या आदल्या दोन दिवसांत तर कितीतरी दारांना कुलूप लागते. कोणी म्हसळ्याला, कोणी महाडला, कोणी चिपळूणला, तर कोणी थेट मराठवाड्यातल्या आपल्या गावी निघालेला असतो.

नेमक्या याच महिन्यात घरात जोखीमही जास्त असते. जकातीचा हिशेब अनेक कुटुंबे रमजानमध्येच करतात. वर्षभर जवळ राहिलेल्या बचतीवर आणि सोन्या-चांदीवर अडीच टक्के काढायचे, तर दागिने बाहेर काढून वजन करावे लागते. वाटायची रोख रक्कमही काही दिवस कपाटात राहते. मुलीच्या लग्नासाठी दहा-पंधरा वर्षे ग्रॅम-ग्रॅमने जमवलेले सोने एका रात्रीत गेले, तर ते पुन्हा जमवायला आईबापांचे उरलेले आयुष्य पुरत नाही. शिवाय कोणीतरी आपल्या कपाटात हात घालून गेले, ही जाणीव पुढे कित्येक महिने झोप लागू देत नाही, ती वेगळीच.

प्रश्न अर्थात एकट्या रमजानचा नाही. गणपतीत चाकरमानी कोकणात उतरतात तेव्हा, दिवाळीत, मे महिन्याच्या सुट्टीत आणि लग्नसराईत शेजारच्या बिल्डिंगमधली दारेही अशीच बंद होतात. कर्जत-खालापूरच्या डोंगरपायथ्याशी उभी राहिलेली शेतघरे आणि सेकंड होमची संकुले तर सोमवार ते शुक्रवार बंदच असतात. प्रत्येक बंद घराच्या मालकाला प्रवासात एकच काळजी असते. आपण घरात नाही, हे बाहेरच्याला कळू नये.

भरदिवसा जळणारा दिवा

या काळजीवरचा सर्वांत जुना उपाय म्हणजे बाहेरचा एक दिवा चालू ठेवून जाणे. आजही बहुतेक जण तेच करतात. पण दहा दिवस अहोरात्र जळणारा बाल्कनीतला बल्ब भलतीच गोष्ट सांगतो. सकाळी अकरा वाजता उन्हात जळणारा दिवा म्हणजे तो बंद करायला घरात कोणी नाही, याची जाहीर पाटीच. अंधार पडला की आपोआप लागणारा आणि उजाडले की विझणारा सेन्सरचा बल्ब त्यापेक्षा बरा. पण तोही रात्रभर एकसारखा जळतो, आणि माणसे राहत असलेल्या घरात असे होत नाही.

पुढची पायरी टायमरची. इलेक्ट्रिकच्या दुकानात काही शे रुपयांत मिळणाऱ्या साध्या टायमर प्लगवर चोवीस तासांची चकती असते आणि तिच्या कडेला पंधरा-पंधरा मिनिटांच्या छोट्या खुंट्या. खुंट्या दाबून सात वाजता दिवा लावायचा आणि साडेदहाला विझवायचा. काम सोपे आहे, पण दोष उघड आहे. रोज बरोबर सातला लागणारा आणि बरोबर साडेदहाला विझणारा दिवा तीन-चार दिवस पाहिला, की पाहणाऱ्याला यंत्र ओळखू येते. माणूस इतका नेमका नसतो. आणखी एक अडचण आपल्याकडची. चकतीचा टायमर विजेवरच फिरतो. वीज दोन तास गेली की तो दोन तास मागे पडतो. घाटाखालच्या पावसाळ्यात आठवडाभरात असा टायमर पहाटे चारला दिवाणखाना उजळवू लागला, तर नवल नाही. डिजिटल टायमरमध्ये छोटी बॅटरी असते, त्यामुळे त्याची वेळ चुकत नाही.

म्हणूनच आता भर आहे तो अनियमित वेळेवर. काही डिजिटल टायमरवर ‘रँडम’ असे बटण असते. ते दाबले की ठरवलेली वेळ रोज काही मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत मागेपुढे सरकते. आज सात-दहा, उद्या सहा-पंचावन्न, परवा सव्वासात. वायफायवर चालणारे स्मार्ट बल्ब आणि प्लग हेच काम दोन-तीन खोल्यांत मिळून करतात. काहींच्या ॲपमध्ये सुट्टीवर जाणाऱ्यांसाठी वेगळी सोयच असते. काहींना तर तुमच्या गावचा सूर्यास्त कळतो आणि त्याप्रमाणे वेळ रोज मिनिटभराने सरकते. पडद्यामागे रंग बदलत लुकलुकणारे, टीव्ही चालू असल्याचा भास देणारे छोटे उपकरणही बाजारात आहे.

पण अनियमित म्हणजे बेताल नव्हे. घराच्या दिव्यांना एक चाल असते. तिन्हीसांजेला आधी ओटा किंवा बाल्कनी उजळते, मग स्वयंपाकघर, मग बाहेरची खोली. मधेच बाथरूमचा दिवा चार-पाच मिनिटांसाठी लागतो. अकराच्या सुमारास बाहेरची खोली अंधारते आणि आतल्या खोलीत थोडा वेळ प्रकाश दिसतो. ही चाल सांभाळून प्रत्येक पाऊल जरा पुढेमागे झाले, तरच घर नांदते वाटते. मध्यरात्री तीन खोल्या एकदम झगमगल्या, तर उलट संशय यायचा.

आणि रमजानमध्ये ही चालही बदलते. इतर दिवशी पहाटे चारला अंधारे घर म्हणजे झोपलेले घर. रमजानमध्ये त्याच वेळी मोहल्ल्यातल्या खिडक्या एकामागून एक उजळतात, भांडी वाजतात, सहेरीची लगबग असते. त्या ओळीत एकच घर काळोखात राहिले, तर ते बंद आहे हे सांगायला कोणी लागत नाही. तेव्हा ईदच्या आधीच गावी निघणाऱ्या कुटुंबाने संध्याकाळच्या दिव्याबरोबर सहेरीचा दिवाही बसवायला हवा. तोही स्वयंपाकघरात, आणि फजरच्या सुमारास विझणारा. ईद झाली की हा पहाटेचा दिवा बंद व्हायला हवा, हेही तितकेच खरे.

हलत्या मशालींची आठवण

दिवे दाखवून माणसांचा भास निर्माण करण्याची युक्ती महाराष्ट्राला नवी नाही, आणि तिचा प्रसिद्ध किस्सा रमजानमधलाच आहे. ५ एप्रिल १६६३ची रात्र. पुण्याच्या लाल महालात शाहिस्तेखानाचा तळ होता. दिवसभराच्या रोजानंतर माणसे गाढ झोपली होती आणि भटारखान्यात सहेरीच्या तयारीला काही जण नुकतेच उठले होते. त्या वेळेस शिवाजी महाराजांनी छापा घातला. खानाची बोटे तुटली. महाराज सिंहगडाकडे निघाले, तेव्हा पाठलागाची दिशा चुकवण्यासाठी कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना आणि झाडांना मशाली बांधून पेटवल्या होत्या, असे परंपरेने सांगितले जाते. फौज त्या उजेडामागे गेली आणि हाती लागली ती गुरे.

या कथेत आजच्या विषयाचे मर्म आहे. झाडांना बांधलेल्या मशाली एका जागी जळत राहिल्या असत्या. बैलांच्या शिंगांवरच्या मशाली मात्र चालत होत्या, थांबत होत्या, वळत होत्या. हलता उजेड पाहिला की डोळा त्यामागे माणूस धरून चालतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने याच तत्त्वावर मोकळ्या माळांवर दिव्यांच्या रांगा लावून खोटी विमानतळे उभी केली आणि जर्मन बॉम्बफेकी विमानांना खऱ्या धावपट्ट्यांपासून दूर ओढले. ‘रँडम’ बटण दाबणारा गृहस्थ नकळत त्याच वाटेने जात असतो.

विजेच्या गावात

खोपोलीत दिव्यावर बोलताना विजेला विसरून चालणार नाही. लोणावळ्याच्या माथ्यावर पाणी अडवायचे आणि नळांतून घाटाखाली सोडून जनित्रे फिरवायची, ही जमशेटजी टाटांच्या मनातली योजना. ते १९०४मध्ये गेले. लोणावळ्याला पायाभरणी झाली १९११मध्ये आणि १९१५मध्ये खोपोलीच्या वीजगृहातून मुंबईच्या गिरण्यांकडे वीज वाहू लागली. पुढे १९२२मध्ये कर्जतजवळच्या भिवपुरीचे वीजगृह सुरू झाले. खोपोलीचे वीजगृह आज ७२ मेगावॅट क्षमतेचे आहे. पाण्यावरची वीज काही मिनिटांत सुरू करता येते आणि काही मिनिटांत थांबवता येते. त्यामुळे दिवेलागणीला मुंबईची मागणी एकदम चढते तेव्हा अशी वीजगृहे उपयोगी पडतात. महानगर संध्याकाळी दिवे कधी लावते, याचा अंदाज बांधण्याचे काम या खोऱ्यात शंभर वर्षांहून अधिक काळ चालले आहे.

त्यातली किती वीज या युक्तीला लागते? नऊ वॅटचा एलईडी बल्ब रोज पाच तास जळला, तर महिनाभरात १.३५ युनिट होतात, म्हणजे टपरीवरच्या एका चहाच्या आसपास खर्च. जुना साठ वॅटचा पिवळा बल्ब तेवढ्याच वेळात नऊ युनिट खातो. म्हणजे पैशाचा प्रश्न एलईडीने सोडवला आहे.

धोक्याचा प्रश्न मात्र उरतो. झोपण्यापूर्वी दिवे मालवा, नाहीतर उंदीर वात ओढून नेईल आणि घर पेटेल, अशा आशयाची प्रेषितांची शिकवण हदीसमध्ये आहे. तेलाची वात गेली, पण सांगण्यातले शहाणपण गेले नाही. बंद घरात जे काही चालू ठेवायचे ते कमी वॅटचे, चांगल्या कंपनीचे आणि पक्क्या सॉकेटमध्ये असावे. पडद्याजवळ दिवा नको, ढिल्या एक्स्टेन्शन बोर्डावर टायमर नको. स्मार्ट बल्ब घेणाऱ्याने आणखी एक गोष्ट आधीच पाहून ठेवावी. वीज जाऊन परत आली की बरेच असे बल्ब आपोआप पूर्ण उजेडात लागतात. ही सवय ॲपमधून बदलता येते. ती बदलली नाही, तर रात्री दोनला आलेली वीज सारे घर उजळून टाकते आणि मोबाइलकडे पाहायला कोणी जागे नसते. ॲपचा पासवर्डही सोपा ठेवू नये. तुम्ही घरात नाही हे त्या ॲपला माहीत असते.

घंटी वाजली तर?

आता मुख्य प्रश्न. एवढे करून चोर फसतो का? अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये संशोधकांनी घरफोड्या करणाऱ्यांशी सविस्तर बोलून त्यांची निवड कशी होते याचा अभ्यास केला. तो १९९१मध्ये पुस्तकरूपाने आला. त्यातून दिसले की बहुतेक जण माणसे असलेले घर टाळतात, आणि घरात कोणी आहे का हे ठरवण्यासाठी सरळ दाराची घंटी वाजवतात. कोणी दार उघडलेच, तर भलताच पत्ता विचारून निघून जातात.

म्हणजे दिवा लांबून पाहणाऱ्याला थोपवतो. दारापर्यंत आलेल्याला तो थोपवेलच असे नाही. आणि आपल्याकडे दारावर दिव्यापेक्षा मोठ्याने बोलणाऱ्या बऱ्याच गोष्टी असतात. आत दिवा आणि बाहेर कडीला भलेमोठे कुलूप, यात कोण फसणार? बाहेरून न दिसणारे लॅचचे कुलूप हवे. दाराच्या फटीत साचलेली वर्तमानपत्रे, कडीला लटकणारी दुधाची पिशवी, दहा दिवस दोरीवर वाळणारी तीच लुंगी, दारात एकही चप्पल नाही, रोज सडा पडणारे अंगण कोरडे. यातली एक खूणही दिव्याचे सगळे काम पुसून टाकते. वर मुलांनी स्टेटसवर टाकलेला गाडीतला सेल्फी असतोच. ‘ईदसाठी गावी निघालो’ हे त्याखाली लिहिले की मग दिवे कोणासाठी लावायचे?

कायद्यानेही रात्र वेगळी मानली आहे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३१नुसार सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी केलेल्या घरफोडीला दिवसाच्या घरफोडीपेक्षा जास्त शिक्षा आहे. चोरीच्या इराद्याने केलेल्या रात्रीच्या घरफोडीला ती चौदा वर्षांपर्यंत जाऊ शकते. पण शिक्षा नंतरची गोष्ट. आधीची गोष्ट गस्तीची. केरळ पोलिसांच्या पोल-ॲपवर कुलूपबंद घराची आगाऊ नोंद करून लक्ष ठेवण्याची विनंती करता येते. आंध्र प्रदेश पोलिसांनी मागणीवरून बंद घरात हालचाल टिपणारा कॅमेरा बसवून देण्याची योजना राबवली. आपल्याकडेही सुट्ट्यांच्या आधी पोलिसांचे आवाहन असते की बाहेरगावी जाताना ठाण्यात कळवा, किमती ऐवज घरात ठेवू नका. हे आवाहन वाचून पान उलटले जाते. प्रत्यक्षात एक अर्ज किंवा एक फोन पुरतो.

‘कोण पाहिजे?’

इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या रॉचडेल गावात कर्कहोल्ट नावाची वसाहत आहे. १९८०च्या दशकात तिथे घरफोड्यांनी लोक हैराण झाले होते. घराघरांत नाणी टाकून चालणारे वीज आणि गॅसचे मीटर होते आणि त्यातली नाणी चोरांना सोपी कमाई वाटत होती. यावर जो प्रयोग झाला त्यात मीटर बदलले, कड्या-कुलपे सुधारली. पण सर्वांत गाजला तो भाग साधा होता. ज्या घरी चोरी झाली त्याच्या भोवतालच्या पाच-सहा घरांनी त्या घरावर लक्ष ठेवायचे. सगळ्या वसाहतीची मोठी समिती नाही, फक्त लगतची पाच-सहा घरे. काही महिन्यांतच तिथल्या घरफोड्या निम्म्याहून खाली आल्या.

खोपोलीच्या चाळींना हे नवे वाटायचे नाही. अनोळखी माणूस जिन्यात रेंगाळला की समोरच्या दारातून आवाज येतो, ‘कोण पाहिजे?’ या दोन शब्दांइतका भारी टायमर अजून बाजारात आलेला नाही. दिवा फक्त दिसतो. तो विचारत नाही, चेहरा लक्षात ठेवत नाही आणि ११२ला फोन करत नाही. चाळींच्या जागी बिल्डिंगा आल्या, दारांना सेफ्टी डोअर आले, आणि हा प्रश्न विचारणारे कमी झाले. यंत्राचा दिवा आपण ज्या पोकळीत लावतो आहोत ती पोकळी ही आहे.

उर्दूत शेजाऱ्याला ‘हमसाया’ म्हणतात, म्हणजे एकाच सावलीत राहणारा. शेजाऱ्याच्या हक्कांविषयी जिब्रीलकडून इतकी ताकीद होत राहिली, की त्याला वारसाहक्कच मिळतो की काय असे वाटू लागले, अशा अर्थाचे प्रेषितांचे वचन प्रसिद्ध आहे. त्यात शेजारी कोणत्या धर्माचा, ही अट नाही. मराठी घरात तिन्हीसांजेला उंबऱ्यावर दिवा लावायची रीत आहे. घर नांदते आहे, हे तो दिवा सांगतो. या दोन रीती एकत्र आल्या, तर बंद घराचा प्रश्न बराचसा सुटतो.

त्यासाठी आधी एक जुना संकोच सोडावा लागेल. आपण गावी जातोय हे कोणाला कळू नये म्हणून पुष्कळ जण शेजाऱ्यालाही सांगत नाहीत. रात्री उशिरा बॅगा उतरवतात. धर्म वेगळा असेल, तर हा संकोच आणखी वाढतो. अलीकडच्या वर्षांत तो वाढलाही आहे. किल्ली कोणाकडे द्यायची, हा प्रश्न म्हणूनच साधा नाही. किल्ली देणे म्हणजे अमानत सोपवणे. पण चोराला जे कळू नये तेच शेजाऱ्याला कळू दिले नाही, तर चोर आणि शेजारी दोघांनाही आपण एकाच रांगेत बसवतो. मग दारात उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला शेजाऱ्याने तरी काय म्हणून हटकावे? घरचा पाहुणाच असेल, असे समजून तो आपले दार लावून घेतो.

ज्याला किल्ली द्यायची नाही त्याने निदान फोन नंबर द्यावा. दूध आणि पेपर बंद करायला सांगावे. समोरच्या काकूंना दारात दोन चपला ठेवायला, अधूनमधून कचऱ्याची बादली बाहेर काढायला, शक्य झाल्यास संध्याकाळी बाल्कनीचा दिवा लावायला सांगावे. तो दिवा कधी पावणेसातला लागेल, कधी मालिका संपल्यावर साडेसातला, एखाद्या दिवशी काकू विसरतीलही. कोणत्याही ॲपला जमणार नाही असा हा अस्सल अनियमितपणा. टायमर जरूर लावावा. पण काकूंना तो लावला आहे हे माहीत असावे, म्हणजे सहेरीच्या वेळी स्वयंपाकघरात दिवा दिसला तर त्या घाबरणार नाहीत. आणि टायमरमध्ये नसलेल्या खोलीत दिवा दिसला, तर त्या लगेच फोन करतील.

परतल्यावर शीरखुर्म्याचा डबा समोरच्या दारी जाईलच. भाद्रपदात ते कुटुंब गणपतीला गावी निघेल, तेव्हा किल्ली उलट दिशेने येईल. या ईदला गावी जायचे असेल, तर बॅग भरण्याच्या आधी समोरचे दार वाजवावे. तरावीहहून परततानाही वेळ मिळतो.